मीटर म्हणतो ३९ ओहम, हिशोब म्हणतो ५२९! बल्बचा खरा रोध कोणता?

खटपट्या

नमस्कार मंडळी,

जुन्या सामानात शंभर वॅटचा तारेचा बल्ब सापडला. पिवळा उजेड देणारा, हल्ली दिसत नाही तसा. हाताशी मल्टिमीटर होताच, म्हटलं याचा रोध मोजून बघू. बल्ब होल्डरमध्ये नाही, हातात, गार. मीटरने दाखवले ३९ ओहम.

मग वही काढली. व्होल्टेज २३०. करंट = २३० ÷ ३९ = ५.९ अँपिअर. पॉवर = २३० × ५.९ = सुमारे १३५६ वॅट. शंभर वॅटचा बल्ब हीटरला लाजवायला निघाला!

उलटीकडून गेलो. काचेवर १०० वॅट छापलंय. १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर, आणि २३० ÷ ०.४३५ = ५२९ ओहम. म्हणजे तेरापटीहून जास्त तफावत. मीटर बिघडला म्हणावं तर १०० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर गुमान ९९.६ दाखवतो. आणि हजार वॅटच्या इस्त्रीवर हाच खेळ केला तर हिशोबाने ५२.९ ओहम, मीटरवर ५१. जवळजवळ चपखल.

व्ही (व्होल्टेज), आय (करंट), आर (रोध) आणि पी (पॉवर) या चौघांतले दोघे कळले की उरलेले दोघे निघतात, हे शाळेत घोकून घोकून पाठ आहे. मग इस्त्रीला लागू पडतं ते बल्बला का नाही? आणि पंख्याच्या वाइंडिंगचा रोध धरून वॅट काढले तर आणखी भलतंच काहीतरी येतं, ते वेगळंच.

---

वायरमन_काका

गार बल्ब मोजलात. पेटलेला मोजा.

---

खटपट्या

काका, पेटलेला कसा मोजणार? मीटर ओहमवर ठेवून चालू लाईनला टोकं लावू?

---

वायरमन_काका

अहो नको! म्हणूनच एका ओळीत उत्तर देऊ नये.

ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःच्या बॅटरीतून बारीकसा करंट सोडतो आणि त्यावरून रोध सांगतो. बाहेरून व्होल्टेज आलं की दाखवलेला आकडा कचरा, आणि मीटर स्वस्तातला असेल तर मीटरही कचरा. रोध मोजायचा तो सप्लाय काढून. पेटलेल्या बल्बचा रोध मोजत नाहीत, काढतात. बल्बच्या दोन टोकांना व्होल्टेज मोजायचं, त्याच्या वाटेवर करंट मोजायचा, आणि भागायचं.

आता करंटबद्दल. मीटरला खाली तीन-चार भोकं असतात. करंट मोजायला लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. करंट मोजून होतो, माणूस चकती फिरवून व्होल्टवर आणतो, पिन मात्र तिथेच राहते. मग ती टोकं फेज-न्यूट्रलवर टेकवली की मीटर म्हणजे मधे टाकलेली नुसती तार. धाडकन आवाज, टोकांचं पितळ काळं, एक तुकडा वितळून गायब. आतला फ्यूज चांगल्या प्रतीचा असेल तर तेवढ्यावर भागतं. नसेल तर हात आणि डोळे दोन्ही त्याच दिशेला असतात हे ध्यानात ठेवा.

म्हणून घरच्या लाईनवर करंट मोजायचा तर क्लॅम्प मीटर घ्या, तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा. तार तोडायला नको, काही नको.

---

पुस्तकातला_किडा

क्लॅम्प मीटर शून्य दाखवतो हो! एक्स्टेन्शनच्या वायरभोवती लावला, टोकाला हीटर चालू, तरी शून्य.

---

वायरमन_काका

पूर्ण वायर पकडलीत ना? त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेत. एकातून जेवढा जातो तेवढाच दुसऱ्यातून परत येतो, चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खाऊन टाकतं. एकच तार जबड्यात यायला हवी. त्यासाठी छोटा तुकडा मुद्दाम सुटा करून ठेवलेला असतो आमच्याकडे.

आणि खटपट्याराव, ०.४३ अँपिअर हा क्लॅम्पसाठी फार बारीक आकडा. तीच तार जबड्यातून दहा वेढे घालून न्या, मीटर ४.३ दाखवेल. दहाने भागा.

---

मास्तर_निवृत्त

खटपट्या, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते एकाच वस्तूचे आहेत, पण एकाच अवस्थेतले नाहीत.

बल्बमधली तार टंगस्टनची. बंद असताना खोलीच्या तापमानाला, पेटल्यावर साधारण अडीच हजार अंश सेल्सिअसला. धातूचं तापमान वाढलं की त्याचा रोध वाढतो. आतल्या अणूंची थरथर वाढते आणि वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडथळा जास्त होतो. टंगस्टनचा रोध एवढ्या तापमानाला तेरा-चौदा पटींनी वाढतो. तुमच्या ३९ ला १३.५ ने गुणून बघा.

इस्त्रीच्या कॉईलमध्ये नायक्रोम असतं, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. तापमानाने त्याचा रोध फार थोडा बदलतो, शंभर अंशाला साधारण एक टक्का. शिवाय इस्त्रीची कॉईल काही शे अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून गार ५१, गरम ५३ च्या आसपास. हीटरच्या कॉईलसाठी नायक्रोम निवडतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे ते लाल होऊनही हवेत लवकर जळून झडत नाही.

आता गंमत बघा. तुम्ही काढलेले ५.९ अँपिअर खोटे नाहीत. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार गार असते आणि बल्ब खरोखरच तेवढा करंट ओढू शकतो. सेकंदाच्या एखाद-दोन दशांश भागात तार तापते, रोध चढतो आणि करंट ०.४३ वर येऊन स्थिरावतो. जुने बल्ब चालू असताना क्वचित जायचे, बटण दाबताना मात्र टक् करून जायचे, ते या पहिल्या झटक्यामुळे.

---

नेहमी_का

म्हणजे बल्ब ओहमचा नियम पाळत नाही?

---

मास्तर_निवृत्त

इथे बहुतेकांची गल्लत होते. दाब (व्होल्टेज) भागिले धारा (करंट) म्हणजे रोध, ही रोधाची व्याख्या. ती कशालाही लावता येते, अगदी ओल्या लाकडालाही. ओहमचा नियम त्यापुढे जाऊन सांगतो की तापमान आणि बाकी परिस्थिती बदलली नाही, तर दाब कितीही ठेवा, हा भागाकार तोच येतो. म्हणजे दाबाविरुद्ध धारेचा आलेख सरळ रेषा. बल्बचा आलेख वाकतो, कारण दाब वाढवताना तापमान जागेवर राहत नाही.

---

वायरमन_काका

मास्तर, कामावर याने काय फरक पडतो? व्होल्टेज मोजलं, करंट मोजला, भागलं. आला रोध. गुणलं, आले वॅट. नियम पाळला की नाही ते वस्तूला विचारत बसत नाही कोणी.

---

मास्तर_निवृत्त

फरक इथे पडतो, काका: तुम्ही एका व्होल्टेजला काढलेला रोध दुसऱ्या व्होल्टेजला वापरला की. इस्त्रीला चालेल, बल्बला नाही.

---

सोल्डरवीर

एलईडीला तर अजिबातच नाही!

आमच्याकडे नवशिके हमखास विचारतात, "एलईडीचा रोध किती?" लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. २० मिलिअँपिअर वाहत असतील तर भागाकार येतो १०० ओहम. करंट १० वर आणा, व्होल्टेज जेमतेम १.९ पर्यंत उतरतं, भागाकार होतो १९० ओहम. काय करणार त्या रोधाचं? म्हणून एलईडीसाठी रोध विसरायचा. त्याच्यावर पडणारे व्होल्ट सप्लायमधून वजा करायचे आणि उरलेल्याचा हिशोब रेझिस्टरवर लावायचा.

५ व्होल्टचा सप्लाय, एलईडीवर २, उरले ३. २० मिलिअँपिअर हवेत. ३ ÷ ०.०२ = १५० ओहम. त्या रेझिस्टरवर पॉवर ३ × ०.०२ = ०.०६ वॅट, पाव वॅटचा मजेत चालतो.

रेझिस्टर किती ओहमचा ते सगळे बघतात, किती वॅटचा ते कोणी बघत नाही. पाव वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर किती व्होल्ट सहन करतो? ०.२५ × १०० = २५, त्याचं वर्गमूळ ५. फक्त पाच व्होल्ट! १२ व्होल्टला लावलात तर १४४ ÷ १०० = १.४४ वॅट. आधी रंगाचे पट्टे करपतात, मग तो वास येतो. एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता.

---

फ्यूज_उडालेला

त्या वासाचं अत्तर काढलं तर सोल्डरवीर पहिले गिऱ्हाईक.

---

उंटावरचा_शहाणा

सोप्या भाषेत सांगतो. वर टाकी, खाली नळ. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, नळाची जाडी म्हणजे रोध. उंची आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. झालं! एवढा काथ्याकूट कशाला?

---

सोल्डरवीर

आणि पाणी सोडल्याबरोबर आकसून तेरापट अडवणारा नळ कुठे मिळतो, शहाणेसाहेब? बल्बचा प्रश्न तोच आहे.

---

उंटावरचा_शहाणा

उंटावरून एवढं दिसत नाही.

---

इतिहासात_रमणारी

मास्तरांनी तापमानाचा मुद्दा काढला म्हणून थोडं अवांतर.

गेओर्ग ओहमला हा नियम सापडायला सगळ्यात मोठी अडचण कसली असेल, तर स्थिर व्होल्टेजची. १८२० च्या दशकातले विद्युतघट वापरता वापरता झपाट्याने उतरायचे. तार बदलेपर्यंत घटाचाच दाब बदललेला. अशा घटावर कितीही काटेकोर मोजमाप करा, सरळ रेषा येणारच नाही. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने घट बाजूला ठेवले आणि तांबं-बिस्मथचा तापयुग्म वापरला, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर वीज देणारी जोडी. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून दाबही हलत नाही. या युक्तीचं मला फार कौतुक वाटतं. तापयुग्माचा परिणाम झेबेकने दाखवून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

करंट मोजायला आजच्यासारखा अँपिअरमापक नव्हताच. तारेवर टांगलेली चुंबकसूची किती पीळ खाते त्यावरून तो मोजत होता. १८२७ मध्ये पुस्तक आलं. मायदेशी त्याचं थंडं स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

याहून भारी म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश. ओहमच्या जवळपास अर्धशतक आधी तो याच निष्कर्षाच्या आसपास पोचला होता, पण छापलं नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं. त्याच्याकडे मीटर कुठला? तो स्वतःला झटका देऊन घ्यायचा आणि कुठला झटका जोराचा, कुठला हलका, यावरून तुलना करायचा.

---

फ्यूज_उडालेला

कॅव्हेंडिश हा जगातला पहिला टेस्टर. आमच्याकडे एक हेल्पर अजून तीच पद्धत वापरतो.

---

वायरमन_काका

त्याला सांगा सोड म्हणावं. अंगाचा रोध कातडी कोरडी असताना हजारोंनी असतो, घाम आला की धाडकन उतरतो. काल काही झालं नाही म्हणून आज होणार नाही असा हिशोब इथे चालत नाही.

---

बाकावरचा_शेवटचा

मोठ्या लोकांत छोटा प्रश्न. ६० वॅटचा आणि १०० वॅटचा बल्ब, दोन्ही २३० चे, सिरीजमध्ये लावले. जास्त कोणता पेटेल? सर म्हणतात ६० चा. माझा विश्वास बसत नाही.

---

नेहमी_का

१०० चा. नाव शंभर आहे त्याचं.

---

सोल्डरवीर

६० चाच. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच. मग पॉवर आय स्क्वेअर आर, ज्याचा रोध मोठा त्याचे वॅट जास्त. ६० वॅटचा रोध ८८२ ओहम, १०० वॅटचा ५२९. म्हणून ६० चा उजळ. पॅरललमध्ये व्होल्टेज दोघांवर एकच, तिथे व्ही स्क्वेअर बाय आर, ज्याचा रोध लहान तो जास्त पेटतो.

विद्यार्थी मित्रा, कुठलं सूत्र केव्हा वापरायचं याचं उत्तर यातच आहे. जी गोष्ट दोघांत सारखी, ती सूत्रात ठेव.

---

मास्तर_निवृत्त

अगदी. पण ८८२ आणि ५२९ हे पूर्ण व्होल्टेजचे रोध. सिरीजमध्ये दोन्ही बल्ब कमी तापतील, तेव्हा दोन्ही रोध याहून कमी असतील. शंभरचा तर फारच गार राहील, त्यामुळे दोघांमधली दरी आणखी वाढते. प्रत्यक्षात शंभरच्या बल्बमध्ये नुसती तांबूस तार दिसते.

---

वायरमन_काका

आमचा सिरीज बोर्ड याच तत्त्वावर. दुरुस्त केलेली वस्तू थेट लाईनवर लावायची नाही, आधी बल्बच्या सिरीजमध्ये लावायची. आत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर येतं, तो लख्ख पेटतो, बाकी काही जळत नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब मंद पेटतो किंवा पेटतच नाही. गार बल्बचा रोध कमी आणि गरमचा जास्त ही जी कटकट खटपट्यारावांना झाली, तीच इथे कामाला येते. शॉर्ट सापडला की बल्ब तापून स्वतःच करंट आवरतो. एलईडी बल्ब लावून हे जमत नाही, म्हणून ते तारेचे बल्ब आम्ही जपून ठेवतो. तुमचाही टाकू नका.

---

परदेशस्थ

आमच्या इथे १२० व्होल्ट. इथल्या १०० वॅटच्या बल्बचा हिशोब: ०.८३ अँपिअर, १४४ ओहम. तुमचा २३० चा हीटर इथे आणला तर? अर्धं व्होल्टेज, म्हणजे अर्धी पॉवर ना?

---

सोल्डरवीर

पाव. थोडी जास्त, कारण १२० हे २३० च्या निम्म्याहून किंचित वर. व्होल्टेज निम्मं झालं की करंटही निम्मा होतो, आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार. २००० वॅटचा हीटर: रोध २६.४५ ओहम, १२० ला करंट ४.५४ अँपिअर, पॉवर ५४५ वॅट.

---

काटकसरे

हाच प्रश्न मला वेगळ्या कारणाने पडलाय. व्होल्टेज कमी असलं की उपकरणं जास्त करंट खेचतात आणि बिल वाढतं, असं सगळे सांगतात. वरच्या हिशोबात तर करंट कमी झाला! खरं काय?

---

मास्तर_निवृत्त

"उपकरणं" असा एकच गठ्ठा केला की उत्तर चुकतं. निदान तीन जाती धराव्या लागतात.

हीटर, इस्त्री, गिझर: व्होल्टेज उतरलं की करंट उतरतो आणि पॉवर त्याहून वेगाने उतरते. २००० वॅटचा गिझर २०० व्होल्टला १५१२ वॅट घेतो. पण पाणी तापवायला लागणारी ऊर्जा तेवढीच, म्हणून तो जास्त वेळ चालतो. युनिटं जवळपास तीच. वेळ लांबल्यामुळे बाहेर निसटणाऱ्या उष्णतेइतकी थोडी जास्त.

मोबाईल, लॅपटॉप यांचे चार्जर: यांना बाहेर ठरावीक वॅट द्यायचेच असतात. व्होल्टेज कमी झालं की ते करंट वाढवून भरपाई करतात. बिलात फार फरक नाही, कारण वॅट तेच. इथे मात्र मजा अशी की दाब घटला की धारा वाढते, ओहमच्या नियमाच्या बरोब्बर उलट.

मोटर, कॉम्प्रेसर: भार तोच असेल तर व्होल्टेज उतरल्यावर करंट वाढतो, वाइंडिंग तापतं, आणि फारच उतरलं तर मोटर सुरूच न होता घुमत राहते. "जास्त करंट खेचतं" ही म्हण इथली. तिथे चिंता बिलाची कमी आणि वाइंडिंग जळण्याची जास्त.

---

काटकसरे

धन्यवाद मास्तर. सगळे आपापल्या जातीचं सांगत होते म्हणायचं.

---

खटपट्या

बल्बचं कळलं. पंखा राहिला. क्लॅम्प मिळवला, दहा वेढे घातले. पंख्याचा करंट ०.३५ अँपिअर, व्होल्टेज २३०. गुणाकार ८०.५. सॉकेटमध्ये लावायच्या वॅटमीटरवर ७२. आता इथे तापमान मधे आणू नका, मी व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजलेत.

---

सोल्डरवीर

पॉवर फॅक्टर. ए.सी.मध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्ही लाटा. हीटरमध्ये दोन्ही लाटा एकाच वेळी चढतात, एकाच वेळी उतरतात. पंख्याच्या वाइंडिंगमध्ये करंटची लाट व्होल्टेजशी जुळत नाही, मागेपुढे होते. म्हणजे प्रत्येक फेरीत काही क्षण असे येतात की व्होल्टेज एका दिशेला आणि करंट दुसऱ्या. त्या क्षणी पंखा ऊर्जा घेत नाही, परत लाईनला देतो. मीटर मात्र दोघांचे आकडे वेगवेगळे दाखवतो, त्यांची वेळ दाखवत नाही. त्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे व्होल्ट-अँपिअर. त्यातला खरा खर्च होणारा भाग वॅट. ७२ ÷ ८०.५ = ०.८९, हा तुमच्या पंख्याचा पॉवर फॅक्टर.

आणि वाइंडिंगचा रोध धरून वॅट भलते येतात तेही याच घरातलं. मीटर बॅटरीवर, म्हणजे डी.सी.वर मोजतो, त्यात तांब्याचा रोध तेवढा दिसतो. ए.सी.मध्ये वाइंडिंगचं चुंबकत्व करंटला त्याहून कितीतरी जास्त अडवतं, आणि फिरणारी मोटर आणखी. २३० भागिले ०.३५ जे ६५७ ओहम येतात, त्याला आम्ही रोध म्हणत नाही, इम्पिडन्स म्हणतो.

स्वस्त एलईडी बल्ब मोजून बघा. ९ वॅटचा बल्ब ०.०७ अँपिअर घेताना सापडेल, गुणाकार १६. तिथे लाट मागेपुढे झालेली नसते तर तिचा आकारच मोडलेला असतो, एकेक अणकुचीदार टोक. असल्या करंटला ट्रू आरएमएस मीटर (मोडक्या आकाराच्या लाटेचंही बरोबर माप देणारा) नसेल तर वाचन मुळातच चुकतं.

---

पुस्तकातला_किडा

मग घरच्या वीजमीटरवर ८०.५ चढतात की ७२?

---

वायरमन_काका

७२. घरगुती मीटर खरी ऊर्जा मोजतो. पण तारांतून करंट ०.३५ चाच जातो, म्हणून वायर आणि फ्यूज निवडताना ८०.५ चा विचार.

तारांवरून आठवलं. हिशोबात लोक फक्त उपकरण धरतात, मधली वाट धरत नाहीत. २००० वॅटच्या हीटरचा करंट ८.७ अँपिअर. प्लगची पिन सैल असेल आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध असेल, तर आय स्क्वेअर आर: ८.७ × ८.७ × ०.५ = जवळजवळ ३८ वॅट, त्या एवढ्याशा जागेत. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्याच्यावर शिसं वितळतं! म्हणून प्लग पिवळा पडतो, मग तपकिरी, मग सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक फुगतं. त्याच सॉकेटमध्ये मोबाईल चार्जर वर्षानुवर्षं चालेल, काही होणार नाही. करंट दहापट कमी झाला की ही उष्णता शंभरपट कमी होते.

---

मास्तर_निवृत्त

काकांनी करंटच्या वर्गाचा जो मुद्दा सांगितला, तो जूलने १८४० च्या सुमारास पाण्यात तार बुडवून आणि तापमापी लावून दाखवला. लांब पल्ल्याच्या वाहिन्या लाखो व्होल्टवर चालवतात त्यामागेही हाच वर्ग. तीच पॉवर दहापट व्होल्टेजवर पाठवली की करंट दहावा हिस्सा, आणि तारेतली नासाडी शंभरावा हिस्सा.

---

नेहमी_का

थांबा थांबा. तारेतली नासाडी व्ही स्क्वेअर बाय आरने काढली तर? व्होल्टेज वाढवलं की नासाडी वाढेल की! सूत्र तर तेही बरोबर आहे.

---

सोल्डरवीर

छान पकडलंस. त्या सूत्रातला व्ही म्हणजे ज्या आरची पॉवर काढतोस त्याच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज. वाहिनीचे लाखो व्होल्ट तारेच्या दोन टोकांमधे नसतात. तारेवर पडतं ते थोडंसंच, आणि करंट कमी झाला की तेही कमी होतं. व्ही, आय आणि आर तिघेही एकाच तुकड्याचे आणि एकाच वेळचे हवेत. या धाग्यावरचे निम्मे घोळ या एका ओळीत बसतात.

---

खटपट्या

दोन शंभरचे बल्ब सिरीजमध्ये लावून बघितले (दुसरा शेजाऱ्यांकडून). प्रत्येकावर ११५ व्होल्ट, करंट ०.२९ अँपिअर. म्हणजे रोध ३९७ ओहम, पॉवर प्रत्येकी ३३ वॅट. रोध ५२९ च राहिला असता तर पाव, म्हणजे २५ वॅट यायला हवी होती. मास्तरांचा वाकलेला आलेख हाच ना?

---

मास्तर_निवृत्त

हाच. आता डिमर न लावता, निरनिराळ्या वॅटचे बल्ब सिरीजमध्ये बदलून आणखी बिंदू मिळवा आणि कागदावर मांडा. डिमर लाटच कापतो, साधा मीटर गोंधळेल.

---

पुस्तकातला_किडा

एक शंका. काका म्हणाले तो अर्धा ओहम मोजायचा कसा? माझ्या मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी ०.३ दाखवतो.

---

सोल्डरवीर

ते ०.३ मीटरच्या तारांचे आणि टोकांचे. ढोबळ कामाला वजा करून टाका, मीटरवर रिलेटिव्हचं बटण असेल तर तेच करतं. पण एक ओहमच्या खाली वजाबाकीवर भरवसा ठेवू नका, टोक थोडं तिरकं धरलं तरी आकडा हलतो.

त्याऐवजी धाग्याचीच युक्ती वापरा. सॉकेट मेनपासून सोडवून, बेंच सप्लायवरून (टेबलावरचा कमी व्होल्टचा डी.सी. पुरवठा) त्या सांध्यातून १ अँपिअर डी.सी. जाऊ द्या आणि व्होल्टमीटरची टोकं थेट सांध्याच्या दोन बाजूंना लावा, करंट नेणाऱ्या तारांच्या आत. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहमच्या घरात असतो, त्याच्या तारांतून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून त्या तारांचा ०.३ ओहम हिशोबात येत नाही. मीटरने ०.०५ व्होल्ट दाखवले तर सांधा ०.०५ ओहमचा. केल्विनची चार तारांची पद्धत ती हीच.